आधी शारदेला

सुलभाच्या गळ्यात एकतीस वर्षं सवत होती. म्हणजे चांदीचा एक टाक, अंगठ्याच्या नखाएवढा. त्यावर एक बाई उभी ठोकलेली, डोळ्यांच्या जागी दोन टिंबं, नाक नाहीच. ही विनायकरावांची पहिली बायको, शारदा. ती वारली, आणि वर्षभरानं डोईफोडिया गावची सुलभा या बिजवराला दिली. लग्नाच्या दिवशी मंगळसूत्राच्याही आधी सासूनं हा टाक काळ्या दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात बांधला आणि सांगितलं, "घरात जे येईल ते आधी तिला, मग तुला. म्हणजे ती तुझ्या वाटेला जायची नाही."

सुलभानं हा नियम प्रामाणिकपणे पाळला. नवी साडी आली की पदराचं टोक टाकाला लावायचं आणि म्हणायचं, "घे बाई, आधी तुझं." दराब्याची मिठाई आणली, आधी तिला. पहिला आंबा, नवी चप्पल, दिवाळीचा साबण, सगळं आधी तिला. एकदा घाईत नव्या बांगड्या तशाच चढवल्या, तर त्यातल्या तीन बसस्टँडवर गर्दीत फुटल्या आणि मनगट कापलं. पुन्हा तशी चूक झाली नाही. अमृता जन्मली तेव्हा तर सासूनं पोर पुसून घेतली, तिचं कपाळ टाकाला टेकवलं आणि मग आईच्या कुशीत दिली. तेवढं एक सुलभाला कधीच आवडलं नव्हतं, पण त्या घरात सासूसमोर तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती. विनायकराव सिंचाई विभागात कारकून. ते घरात तोंड उघडायचे ते जेवायलाच.

सासू गेली, नियम राहिला. दुपारी भाकरी थापताना सुलभा टाकाशी बोलायचीही. नवऱ्याच्या तक्रारी सांगायला सवतीइतकं जाणकार माणूस दुसरं कोण मिळणार? शारदा कशानं गेली, हे मात्र तिला धड कुणी सांगितलं नव्हतं. "ताप आला होता" एवढंच. सुलभानंही खोदून विचारलं नाही.

पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि गेल्या उन्हाळ्यात तिच्या अंगावरून जायला लागलं. आधी डाग, मग धार. छप्पन्न-सत्तावन्न वर्षांच्या बाईला असं झालं तर तिनं त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा असतो. सुलभानं काय केलं? ती विचार करत बसली, की आपण कोणती वस्तू शारदेला न दाखवता वापरली! आणि तिला सापडलीही. अमृतानं खंडव्याहून, तिथल्या बँकेतल्या पगारातून, नवा मोबाईल पाठवला होता. तो खोक्यातून काढला, त्याच क्षणी वाजला, आणि सुलभा "हॅलो" म्हणून बोलून बसली. टाकाला लावायचा राहूनच गेला. हसू नका. बाईनं सात महिने तो मोबाईल रोज सकाळी टाकाला लावला, दर शुक्रवारी गूळ-खोबरं दाखवलं, माफी मागितली, आणि कपडे गुपचूप धुवून वर गच्चीवर एका कोपऱ्यात वाळवले. सात महिने. मला त्या बाईचा राग येतो आणि रडूही येतं.

दिवाळीला अमृता घरी आली आणि तिला चादर दिसली. पुढचं सगळं तिनंच केलं. इंदूर, सोनोग्राफी, आतला तुकडा काढून तपासणी. गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिशवी, दोन्ही अंडाशयं आणि आजूबाजूच्या गाठी काढायच्या, आणि लवकर काढायच्या. सुलभाला विचार करायला उसंतच मिळाली नाही. तिला आत नेताना नर्सनं गळ्यात हात घातला आणि काळा दोरा कात्रीनं कापला. "धातू काही चालत नाही आत," असं म्हणून टाक दाराशी उभ्या अमृताच्या हातावर ठेवला. एकतीस वर्षांत तो पहिल्यांदा सुलभाच्या गळ्यातून निघाला. छताचे दिवे डोक्यावरून सरकत होते आणि तिच्या मनात आलं, हे ऑपरेशन आपण शारदेला दाखवलंच नाही. तेवढ्यात नाकावर मास्क आला.

शुद्ध आली तेव्हा दुपार होती. पोटावर टाके, घशाला कोरड. हात सवयीनं गळ्याकडे गेला, गळा मोकळा.

"आई, इथे आहे," अमृता म्हणाली. "हरवू नये म्हणून मीच घालून ठेवला."

अमृतानं आपल्या सोन्याच्या चेनमध्ये तो टाक अडकवला होता. पांढऱ्या कुर्त्यावर ती बिननाकाची बाई सरळ सुलभाकडे पाहत होती.

"काढ ते," सुलभा ओरडली. म्हणजे ओरडायला गेली, आवाज निघाला नाही. "काढ आधी! तुह्या गळ्यात काहून घातलं?"

"अगं आई, टेन्शन नको घेऊ ना यार," अमृता हसली, आणि तिनं टाक काढून, कापलेल्या दोऱ्याला गाठ मारून आईच्या गळ्यात बांधला.

सुलभाला तेव्हाच कळलं. चारेक तास पोरीच्या अंगाला लागून असलेला टाक गार होता. आणि त्याला वजन नव्हतं. एकतीस वर्षं ते एवढंसं ओझं तिच्या गळ्यानं ओळखलं होतं, झोपेतसुद्धा. आता नुसता पत्रा होता. आत राहणारी बाई त्यातून उठून गेली होती.

गावी, शनवारा मोहल्ल्यातल्या घरी परत आल्यावर सहा आठवडे विश्रांती सांगितली होती. वाकायचं नाही, बादली उचलायची नाही, जिने मोजून चढायचे. अमृतानं रजा घेतली. टाके चांगले भरून आले. भूक लागू लागली. शेजारच्या रंजिताकाकू रोज येऊन म्हणायच्या, "सुलभाबाई, चेहरा उजळला हो." सुलभा हसायची आणि तिचे डोळे लेकीवर असायचे.

कारण अमृता थोडी थोडी बदलत होती. भयंकर असं काही नाही. कुणाला सांगायला जावं तर लोक म्हणतील, बाईला अशक्तपणा आलाय. पोरगी खोलीत शिरताना उंबऱ्याला पायाचा अंगठा लावून मग आत यायला लागली. जन्मात कधी लावला नव्हता. तिचं लक्ष नसताना तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणायची, आणि विचारलं तर म्हणायची, "मी कुठे?" एकदा सकाळी तिनं वडलांना चहा दिला, तो कपावर बशी पालथी घालून. विनायकरावांनी त्या पालथ्या बशीकडे पाहिलं, उठले, चपला घातल्या आणि चहा न पिता बाहेर गेले ते जेवायच्या वेळेला आले.

सुलभानं शारदेला कधी पाहिलं नव्हतं. तिला त्या बशीतलं काही कळलं नाही. पण नवऱ्याचा चेहरा तिनं पाहिला आणि तेवढं पुरेसं होतं. त्या दिवसापासून विनायकराव लेकीच्या हातचं पाणीही डोळे खाली घालून पिऊ लागले.

आणि एक प्रश्न. अमृता मध्येच, भाजी निवडताना, केस विंचरताना, मान वर करून वडलांना विचारायची, "तारीख आली का?"

कोणती तारीख? इंदूरच्या सगळ्या तारखा अमृताच्याच फोनवर यायच्या. डॉक्टरांशी तीच बोलायची. मग वडलांना का विचारायचं? सुलभानं एकदा तसं म्हटलंही. अमृतानं कपाळाला आठ्या घातल्या. "मी बाबांना कशाला विचारू? मला काय येडी समजलीस का?" खरंच तिला आठवत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात तपासणीचा पूर्ण रिपोर्ट आला, म्हणून तिघं इंदूरला जाऊन आली. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. गाठींत काही नव्हतं, ही चांगली गोष्ट. पण कॅन्सर पिशवीच्या भिंतीत अर्ध्याहून जास्त खोल गेला होता. म्हणून शेक घ्यायचे, म्हणजे रेडिएशन. पंचवीस बाहेरून, सोमवार ते शुक्रवार, आणि शेवटी दोन आतून. त्यांनी हिंदीत समजावलं, की शेक घेतले नाहीत तर अशा शंभर बायकांत पंधरा-वीसजणींना त्याच जागी परत उठतो. घेतले तर चार-पाचजणींना. त्रास होईल, जुलाब होतील, लघवीला जळजळ, थकवा. "फ़ैसला आपका है, माताजी. पर ऑपरेशन के आठ हफ़्ते के अंदर शुरू हो जाना चाहिए."

"नको," सुलभा म्हणाली.

अमृतानं परतीच्या वाटेवर समजावलं, रागावली, रडली. सुलभा एकच बोलत राहिली, "मले झेपणार नाही." खरं कारण ती कुणाला सांगणार? ऑपरेशन शारदेला न दाखवता करून घेतलं, तर ती टाकातून उठून पोरीत जाऊन बसली. अजून पंचवीस शेक तसेच घेतले तर ती पोरीला ठेवणार होती का? आपण वाचायचं आणि लेक जायची, असला व्यवहार सुलभाला करायचा नव्हता. पंधरा-वीसजणींत आपला नंबर लागला तर लागू दे, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. मरणाची भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. रोज सकाळी ती पोटावर हात ठेवून चाचपायची, काही उठतंय का. पण टाक गळ्यात हलका होता तोवर तिच्यानं हो म्हणवत नव्हतं.

तिनं परोपरीनं करून पाहिलं. टाकासमोर शेकाचा कागद धरला, "घे बाई, आधी तुझं" म्हटलं. काही नाही. रिकाम्या घराच्या दारात उभं राहून हाक मारावी तसं. टाकात कुणी होतं कुठे ऐकायला? मग एकदा तिनं धीर करून, अमृता पाठमोरी भांडी लावत असताना, हलकेच म्हटलं, "शारदाबाई, काय पाहिजे तुम्हाले?"

अमृताचे हात थांबले. ती वळली नाही. ओट्यावर नळाचं पाणी वाहत राहिलं. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "आई, काही म्हटलं का?" आणि पुन्हा भांडी लावू लागली.

असे सहा आठवडे झाले. सातवा लागला.

त्या रविवारी दुपारी तिघं जेवायला बसली होती. वांग्याची भाजी, कळण्याची भाकरी. बाहेर स्वच्छ ऊन होतं, गल्लीत लूमचा खटखट आवाज चालू होता. अमृतानं शेकाच्या संमतीचा फॉर्म आणून कपाटावर ठेवला होता, इंदूरला दिलेला. दोन प्रती, एक त्यांना द्यायची, एक घरी ठेवायची. उद्या सोमवार, आणि अमृतानं मशीनवर दुपारची वेळ आधीच धरून ठेवली होती. उद्या सुरू केलं तर आठ आठवड्यांच्या आत बसत होतं. नाही केलं तर पुढे मशीनला जागा कधी मिळेल, कोण जाणे. अमृतानं आज आईवर शेवटचा जोर लावायचं ठरवलं होतं. तिनं घास मोडला, वडलांकडे पाहिलं आणि अगदी सहज, आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली,

"त्या वॉर्डाच्या खिडकीतून चिंच दिसायची ना? कोवळ्या चिंचा होत्या आणि पोरं दगड मारायची."

विनायकरावांच्या हातातला घास ताटात पडला.

"कोणत्या वॉर्डाच्या?" सुलभानं विचारलं. तिचं ऑपरेशन झालं त्या दवाखान्याला खिडक्या होत्या, पण समोर नुसती पार्किंगची इमारत होती.

"काय कोणत्या?" अमृता म्हणाली. "मी म्हणत होती, की आई, फॉर्म भरून टाकू आज."

विनायकराव उठले आणि आतल्या खोलीत गेले. सुलभाही उठली, पोटाला हात धरून त्यांच्या मागे गेली आणि दार लोटून घेतलं. ते खाटेच्या कडेवर बसले होते. सहासष्ट वर्षांचा माणूस खांद्यावरचा पंचा दोन्ही हातांनी पिळत होता. सुलभानं त्यांना असं सासू गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं.

"चिंच होती," ते म्हणाले. "इंदूरलाच. सरकारी दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर. शारदेचा पलंग खिडकीशी होता. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. आईनं पाहिली होती, ती तर गेली. या पोरीला कसं माहीत?"

"काय झालं होतं शारदाबाईले?"

"अंगावरून जायचं. वर्षभर. पिशवीतच गाठ होती. डॉक्टर म्हणाले, पिशवी काढावी लागेल, तरच वाचेल. सहीचा कागद दिला माझ्या हातात. नवरात्र चालू होतं. आई सोबत होती. ती म्हणाली, अजून लेकरू नाही घरात, पिशवीच काढली तर मग काय उपयोग? देवाचं करू, वैद्याचं करू. मी कागदाची घडी केली, खिशात ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी तिला बसमध्ये घालून घरी आणली."

"आणि त्या काय बोलल्या?"

विनायकरावांनी पंच्यानं तोंड पुसलं. "तिला खरं सांगितलंच नाही मी. तिनं विचारलं, सही केली का? मी म्हटलं, केली. डॉक्टर तारीख कळवणार आहेत. ती वाट पाहत राहिली. रोज मी ऑफिसातून आलो, की चहा घेऊन यायची, निवू नये म्हणून बशी पालथी घालून. आणि विचारायची, तारीख आली का? पाच महिने, सुलभा. उठवेना तेव्हाही पडल्या पडल्या विचारायची. होळीच्या आधी गेली."

सुलभाला आधी संताप आला, असा की समोरच्या माणसाला उचलून गल्लीत फेकावं. मग हात आपोआप टाकावर गेला. एकतीस वर्षं आपण हिला साड्या दाखवल्या, दराबा दाखवला, मोबाईल दाखवला. सवत म्हणून घाबरलो. आणि हिला यातलं काही नको होतं. हिला एक सही पाहिजे होती, नवऱ्याची, आणि ती न करणारा माणूस रोज हिच्यासमोर बसून जेवत होता.

सुलभा रडली नाही. तिनं बाहेर जाऊन कपाटावरचा फॉर्म आणला, दोन्ही प्रती, आणि पेन. एक प्रत विनायकरावांच्या मांडीवर ठेवली.

"लिहा."

"काय?"

"मरीज़ का नाम. शारदा विनायक लिहा."

"सुलभा, हे असलं काही…"

"या घरात जे येते ते आधी त्यांले, मंग मले. तुमच्या आईनं शिकवलं. मी आजवर मोडलं नाही. त्यांचा कागद झाल्याबिगर मी माह्या कागदाले हात लावणार नाही. मेली तरी नाही."

जन्मभर सरकारी कागद भरलेला माणूस तो. फॉर्मवर पेन टेकल्यावर हात सवयीनं चालू लागला. त्यांनी नाव लिहिलं, वय अठ्ठावीस लिहिलं. इलाज या रकान्यात 'रेडिएशन' छापलेलं होतं, ते खोडून वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'गर्भाशय का ऑपरेशन'. मग तारखेपाशी थांबले. त्यांनी लिहिलं, ९-१०-१९९१. आठवायला क्षणभरही लागला नाही त्यांना. खाली 'संबंधी के हस्ताक्षर' असं होतं, तिथे सही केली, आणि तोंडावर पंचा धरून हुंदके देऊ लागले.

दार उघडलं. अमृता आत आली, उंबऱ्याला अंगठा लावून. तिचे हात खरकटे होते. तिनं दोघांकडेही पाहिलं नाही. ती खाली बसली, पेन डाव्या हातात घेतलं, आणि 'मरीज़ के हस्ताक्षर' या ओळीवर, शाळा लवकर सुटलेल्या बाईच्या वाकड्या, मोठ्या अक्षरात लिहिलं: शारदा. अमृता उजवी होती. तिची सही इंग्रजीत, एका फटकाऱ्याची.

मग तिनं मान वर केली आणि विनायकरावांना म्हणाली, "आता तरी न्या."

सुलभाच्या गळ्यातला दोरा ताणला गेला. टाक एकदम जड झाला, पूर्वी होता त्याहूनही जड, मान खाली ओढणारा. अमृतानं डोळे मिटून उघडले, हातातल्या पेनाकडे पाहिलं.

"मी इथे कधी आली? आणि हे खरकटे हात…" ती उठली. "आई, तू रडून राहिली का? बाबा? काय झालं?"

"काही नाही," सुलभा म्हणाली. तिनं दुसरी प्रत पुढे ओढली. आपलं नाव घातलं, वय घातलं, आणि मरीज़च्या ओळीवर सही केली. संबंधीची ओळ तिनं अमृतापुढे सरकवली. "घे, कर. उद्या सकाळी निघायचं. इंदूरच्या खोलीवाल्याले फोन लाव, पाच आठवडे भाड्यानं पाहिजे म्हण."

अमृतानं आईला एवढी घट्ट मिठी मारली, की सुलभाला टाके सांभाळ म्हणून ओरडावं लागलं.

सकाळी अमृताला टॅक्सी करायची होती. विनायकराव म्हणाले, बसनं जाऊ. सातची इंदूर गाडी फारशी भरलेली नव्हती. सुलभा आणि अमृता एका बाजूच्या बाकावर बसल्या. विनायकराव पलीकडच्या बाकावर, खिडकीची जागा सोडून, कडेला अंग चोरून. त्या मोकळ्या जागेवर कंडक्टरनं आपली थैली ठेवली होती.

स्टँड सोडताना सुलभाला जाणवलं, की टाक पुन्हा हलका झालाय. तिनं धसकून लेकीकडे पाहिलं. अमृता फोनवर बँकेतल्या स्वप्निलशी हिंदीत भांडत होती, रजेवरून, आपल्या स्वतःच्या आवाजात, हातवारे करून. ती अमृताच होती.

कंडक्टर आला. विनायकरावांनी चार तिकिटं मागितली.

"तीन सवारी हो, चाचा," कंडक्टर म्हणाला. "चौथी किधर है?"

"बैठी है," विनायकराव म्हणाले.

कंडक्टरनं खिडकीकडे पाहिलं. पाहत राहिला. मग त्यानं वाकून आपली थैली त्या जागेवरून घाईघाईनं उचलली, "माफ़ करना, बाई, दिखीं नहीं आप," असं म्हणाला, आणि चार तिकिटं फाडून दिली. पुढच्या बाकाकडे सरकताना त्यानं एकदा मागे वळून पाहिलं.

गाडी निंबोल्याच्या रस्त्याला लागली, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा पळू लागल्या. दुपारी दोनला तिचा पहिला शेक होता. मशीनच्या खोलीत एकटीनं झोपायचं असतं, दार बंद करतात, हे अमृतानं तिला समजावून ठेवलं होतं. रात्रभर तिला त्या बंद दाराचीच धास्ती वाटत होती. आता तिनं मधली वाट ओलांडून हात लांब केला आणि नवऱ्याच्या पलीकडच्या त्या जागेवर, जिथे तिच्या डोळ्यांना नुसतं रेक्झिन दिसत होतं, हलकेच टेकवला. रेक्झिन बसल्या माणसाच्या अंगानं गरम झालं होतं.

"शारदाबाई," ती म्हणाली, "आज आधी मी जाते. मले जगायचं आहे. तुम्ही दाराशी बसा."

विनायकरावांनी मान खाली घातली. अमृतानं फोन कानापासून दूर धरून विचारलं, "कोणाशी बोलून राहिली?"

"सोबत आलेल्या बाईशी," सुलभा म्हणाली आणि हात तिथेच ठेवून बसली.